न फाटणारी पिशवी

आईने हे कुणाला सांगायचं नाही म्हटलंय, तरी लिहिते. ती सोसायटीचे चेअरमन सबनीस यांच्याकडे कामाला जाते. ओला कचरा कुजणाऱ्या पिशवीतच टाकायचा, हा नियम त्यांचाच. काल आईने दुकानातून आणलेली तशी पिशवी त्यांचा कचरा नेताना जिन्यातच फाटली; मी सोबत होते. शेजारी जमले.

"द्वारकाबाई, उद्यापासून येऊ नका," सबनीस म्हणाले. "माझ्या कुजणाऱ्या पिशव्या बघा. तीन वर्षं गॅलरीत उन्हात आहेत, एक फाटलेली नाही."

मी आईच्या मागे सरकले. आई खाली मान घालून म्हणाली, "साहेब, तीन वर्षं उन्हात विरली नाही, ती खताच्या खड्ड्यात कधी कुजणार?"

शेजारी सबनीसांकडे बघायला लागले.

"उद्या वेळेवर या," ते पुटपुटले.

घरी येताना आईने माझा हात घट्ट धरला. ती म्हणाली, पुन्हा असं बोलायची वेळ आली तर मी... थांबा, आई हाक मारतेय, आणि वही लपवायला