वाघ कुठे आहे ते आधी सांग

एका जंगलात मोहाच्या झाडावर एक खार राहत असे. झाडाच्या वरच्या अंगाला एक पाणवठा होता, खालच्या अंगाला दुसरा, आणि वाघ दोन्हींचा मिळून एकच. उन्हाळ्यात तो आज या पाण्यात बसे, उद्या त्या. खारीने जंगलासाठी एक वेबसाईट केली होती. तिच्यावर नाचणारी चित्रं नव्हती की फुलं नव्हती. वाघ आज कुठल्या पाणवठ्यावर आहे, एवढी एकच ओळ असायची. टिटवी पाण्याकाठी बसून बघायची आणि येऊन सांगायची, खार ओळ बदलायची, कळपाचा मोबाईल वाजायचा, आणि हरणं ती ओळ वाचून दुसऱ्या पाण्यावर जायची. आता जनावरांकडे मोबाईल कुठून आले असं मला विचारू नका. कोल्हा बोलतो ते तुम्हाला चालतं, मग हेही चालवून घ्या.

ऐन उन्हाळ्यात खारीचा कॉम्प्युटर फार अडायला लागला, म्हणून तिने त्यावरची जुनी सिस्टीम काढून नवी टाकली. त्यात तिचं काही चुकलं नाही. नवी सिस्टीम चपळ होती आणि फुकट होती. पण वेबसाईट लिहायचं जे सॉफ्टवेअर तिच्या हातात बसलेलं होतं, ते नव्या सिस्टीमवर उघडेना. दुसरं निवडायला हवं होतं, एवढंच काम. खारीने काय केलं, तर भेटेल त्याला विचारत सुटली.

कावळा म्हणाला, ज्याचा पडदा काळाकुट्ट तेच सॉफ्टवेअर खरं, बाकी सगळं पोरखेळ. खारीने ते घेतलं. मग माकड आलं. ते एका फांदीवर टिकत नाही, तर एका सॉफ्टवेअरवर कुठलं टिकायला. त्याने सांगितलं की काळं आता कोणी वापरत नाही, कालच एक नवीन आलंय, ते घेतलं नाहीस तर लोक हसतील. खारीने तेही कॉम्प्युटरवर उतरवायला लावलं. शेवटी कोल्हा आला. शेपटी आवरून सावलीत बसला आणि मऊ आवाजात म्हणाला, "घाई करू नकोस बाई. सगळी घे, सगळी वापरून बघ. निवड काही रोज होत नाही." खारीला हे फार शहाणपणाचं वाटलं. तिने आणखी दोन घेतली. मग एकात अक्षरांचा रंग बदलला, दुसऱ्यात अक्षरं मोठी करून पाहिली, पुन्हा लहान केली, कोपऱ्यात पानाफुलांची नक्षी बसवली. सकाळ त्यातच गेली. वेबसाईटवर मात्र कालचीच ओळ होती : वाघ वरच्या पाणवठ्यावर आहे.

तेवढ्यात टिटवी धापा टाकत आली. वाघ पहाटेच उठून खाली उतरलाय, खालच्या पाण्याला लागून असलेल्या करवंदीच्या जाळीत पडलाय, ओळ बदल, असं तिने सांगितलं. खारीने मानही वर केली नाही. एवढं एक उतरलं की बदलते, म्हणाली. टिटवीने दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं, आणि ओरडत परत गेली. पण टिटवी दिवसभर ओरडतच असते. तिच्या ओरडण्याने कोण थांबतं?

ऊन डोक्यावर आलं. सॉफ्टवेअर किती उतरलं ते दाखवणारी पट्टी गोगलगाईसारखी सरकत होती. झाडाखाली एक हरिणी आली, बरोबर तिचं लहान पाडस. पाडसाचे पाय अजून लटपटत होते म्हणून ती कळपाच्या मागे पडली होती. पाडस गळलेली मोहाची फुलं हुंगत होतं. हरिणी वर बघून म्हणाली, "तुझं बरं आहे खारूताई, झाडावर गारव्यात. आमच्या जिभा टाळ्याला चिकटल्या. माझी थोरली कळपाबरोबर गेलीसुद्धा खाली. तुझी ओळ वाचली की कोणी मागे वळून बघत नाही."

खारीने पडद्याकडे बघितलं. "ती ओळ कालची आहे," ती म्हणाली.

"मग वाघ कुठे आहे?"

"खाली."

हरिणीने पाडसाला पोटाशी ओढलं. खार भराभर सांगू लागली, सिस्टीम नवी आहे, सॉफ्टवेअर ठरत नाहीये, पट्टी भरतच आली आहे. हरिणीने तिचं बोलणं मध्येच तोडलं आणि कोणाला विचारून हे चाललंय ते विचारलं. खारीने तिघांची नावं घेतली.

"कावळ्याला पंख आहेत," हरिणी म्हणाली. "माकड झाडावर झोपतं. आणि वाघ जेवून उठला की उरलेलं कोण खातं, ते तुला मी सांगायला हवं? माझी लेक खाली आहे, खारूताई. मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. त्यात एक ओळ लिहिता येते ना? मग ते चांगलं."

खारीने पट्टी बंद केली. नव्या सिस्टीमबरोबर आपोआप आलेला एक साधा एडिटर कोपऱ्यात पडला होता, पाटीसारखा कोरा. त्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून कोणी त्याचं नाव घेतलं नव्हतं. तो टिचकीसरशी उघडला. खारीने कालची ओळ पुसली आणि लिहिलं : वाघ खाली आहे. मागे फिरा. ओळ पाठवली.

मग दोघी ऐकत राहिल्या. खालून काही आवाज येईना. हरिणी चार पावलं उताराकडे गेली आणि परत आली. खाली धावावं तर हे लहान पाडस, इथे थांबावं तर थोरली. ती उभी होती, कान तेवढे हलत होते.

आणि डरकाळी आली.

उतारावर धूळ उठली. धुळीतून कळप उधळत वर आला. पुढे म्हातारी हरिणी होती, कळपाचा मोबाईल तिच्याकडे असे. पाण्यात तोंड घालणार तोच तो वाजला, असं ती धापा टाकत सांगत होती. पण मोठ्या शिंगांचा नर सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरला होता. तो आला नाही. पाडसाची आई येणाऱ्या प्रत्येकीचं तोंड बघत होती. ही नव्हे. ही पण नव्हे. कळप सगळा निघून गेला, धूळ खाली बसायला लागली, तरी ती तिथेच.

सगळ्यात शेवटी थोरली आली. लंगडत आली. मांडीवर पंज्याचा ओरखडा होता आणि रक्त खुरापर्यंत आलं होतं. हरिणी जखम चाटायला लागली.

खार झाडावरून उतरली. हरिणीने चाटणं थांबवलं नाही, तिच्याकडे बघितलंही नाही. एवढंच म्हणाली, "उद्या आम्हाला परत तहान लागणार आहे."

खार वर गेली आणि टिटवीची वाट बघत बसली.

तात्पर्य : कुठलं अवजार घ्यावं हे मिरवणाऱ्याला विचारू नये आणि ज्याचं काही बुडत नाही त्यालाही विचारू नये. तुमच्या कामावर ज्याचा जीव टांगलेला आहे त्याला विचारावं, आणि तो सांगेपर्यंतही हाताशी असेल त्याने काम चालू ठेवावं.