आवारातला पोपट

एका गावात एक सुतार होता आणि त्याच्या आवारात एक नियम होता. जुंपलेला बैल फाटकाच्या आत आणायचा नाही. त्रिंबक सुताराच्या आजोबांच्या काळी एका बैलाने नुकताच तयार झालेला पाळणा तुडवला होता. तेव्हापासून गाडी कुणाचीही असो, बैल फाटकावरच सोडायचे. मग चार गड्यांनी दांडी कमरेपर्यंत उचलून गाडी आत ओढायची आणि जू जमिनीवर टेकवायचे. नियम चांगला होता. त्यानंतर एकही पाळणा मोडला नाही.

त्या गावाच्या खालच्या अंगाला, नदीकाठाने, सात वाड्या होत्या. पावसाळ्यात तिथे ताप यायचा. म्हाळसा नावाची वैदीण पाठीवर औषधांचे गाठोडे घेऊन वाडी वाडी फिरायची. पाठीवर मावेल तेवढेच औषध नेता येई, आणि सातव्या वाडीला पोचेपर्यंत गाठोडे रिकामे झालेले असे. सातव्या वाडीची माणसे तिला त्याबद्दल कधी बोलली नाहीत. उलट बसायला घोंगडी टाकत आणि गरम पेज देत. ती पेज तिला प्यावीशी वाटत नसे.

शेवटी सातही वाड्यांनी एकेक साग तोडून दिला आणि त्रिंबकला सांगितले, "आमच्या वैदिणीला चाकांवरचं घर बांधून दे."

त्रिंबकचा हात खरोखर चांगला होता. तीन महिन्यांत त्याने गाडी उभी केली. दोन मोठी चाके, त्यावर फळ्यांची खोली, आत बरण्यांसाठी कप्पे आणि निजायला बाक. वैदिणीला औषधी पाला वाळवायला जागा हवी होती, म्हणून छप्पर सपाट केले आणि पाला वाऱ्याने उडू नये म्हणून चारी बाजूंनी वीतभर उंचीचा कठडा लावला. पावसाचे पाणी जायला पुढच्या बाजूला एक भोक ठेवले, आणि नुसते भोक ठेवणे त्याच्या हाताला जमेना, म्हणून तिथे लाकडी पोपट कोरला. पाणी पोपटाच्या चोचीतून पडणार होते.

गाडी द्यायच्या दिवशी सातही वाड्यांची माणसे आवारात जमली. त्रिंबकने छपरावर घागर ओतली. पाणी सरसर पुढे आले आणि पोपटाच्या चोचीतून धार लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हाळसाच्या डोळ्यांत पाणी आले. यंदा सातव्या वाडीला औषध मिळणार होते.

पहिल्या वाडीपर्यंत सगळे ठीक होते. दुसऱ्या वाडीच्या वाटेवर पाऊस लागला. संध्याकाळी म्हाळसाने कप्पा उघडला तर हिरड्याचे चूर्ण ओले होऊन त्याचा लगदा झाला होता. तिने चाकावर चढून वर पाहिले. छपराच्या मागच्या बाजूला तळे साचले होते आणि फळ्यांच्या सांध्यातून एकेक थेंब आत उतरत होता. पोपटाची चोच कोरडी ठणठणीत होती.

ती गाडी घेऊन आवारात परत आली. फाटकावर राखणीला हणमंता म्हातारा होता. त्याने बैल सोडले, गड्यांनी गाडी आत ओढली. त्रिंबकने घागर ओतली. धार लागली.

"बघा," तो म्हणाला, "कुठे साचतंय?"

"दादा, इथे नाही साचत. वाटेवर साचतं."

"म्हणजे पाणी माझं आवार ओळखतं म्हणायचं!"

गडी हसले. म्हाळसा हसली नाही. त्रिंबकने तिला समजावले की गाडी फार दामटली की सांधे ढिले होतात. फटी बुजवायच्या राळ-तेलाच्या लांबीचा एक गोळा त्याने तिच्या हातावर ठेवला. "सांध्यात भरा. आणि जरा हळू चालवा."

तिने लांबी भरली. बैलांना मुंगीच्या चालीने नेले. तिसऱ्या वाडीच्या अलीकडे पुन्हा पाऊस आला, पुन्हा तळे साचले, आणि लांबी फुगून बाहेर आली. या वेळी अडुळशाचा पाला कुजला. म्हाळसा पुन्हा परत आली. पुन्हा बैल सुटले, पुन्हा घागर, पुन्हा धार.

"वैदीणबाई," त्रिंबक आता वैतागला होता, "वर पाला वाळत घालता ना? त्याने तुंबलं असेल."

"पावसात पाला कोण वाळत घालतं, दादा?"

"मग औषधांनाच पाणी सुटलं असेल. सुटतं कधी कधी."

"हिरड्याच्या चूर्णाला?"

"ते तुम्हाला माहीत. मी लाकडाचं बोलतो. लाकडात खोट नाही. हवी तर आणखी घागर ओततो." आणि त्याने खरेच आणखी एक घागर ओतली. पोपटाने तीही आनंदाने ओकून टाकली.

इथे जरा थांबून बघा. त्या आवारात कुणीही खोटे बोलत नव्हते. वाटेवर पाणी साचत होते, हे खरे होते. आवारात ते वाहून जात होते, हेही खरे होते. फक्त खरेखोटे पाहायला कुठे उभे राहायचे, हे एकटा त्रिंबक ठरवत होता. आणि ज्याची औषधे कुजत होती त्याच माणसाने दर वेळी दोन दोन कोस उलटे येऊन आपण वेडे नाही हे सिद्ध करायचे होते! म्हाळसालाही वाटू लागले की आपलेच काही चुकत असेल. परतीच्या वाटेवर ती बैलांना विचारू लागली, "तुम्ही तरी पाहिलंत ना रे तळं?"

तिसऱ्या खेपेला ती आली तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. कप्प्यात आता एकच बरणी कोरडी उरली होती. ती गुळवेलीच्या सत्त्वाची होती. ते सत्त्व जमवायला तिला सबंध वर्ष लागले होते, आणि त्यावर सातव्या वाडीचे नाव होते.

"आलात परत?" हणमंता म्हणाला. "सोडतो बैल."

त्याने बैल सोडले. दांडी खाली आली. आणि पोपटाच्या चोचीतून असा लोंढा आला की हणमंता पागोट्यापासून वहाणांपर्यंत भिजला.

आतून त्रिंबक ओरडला, "पाहा, पाहा! किती छान वाहतंय! अजून काय पाहिजे तुम्हाला?"

म्हाळसा उत्तर द्यायला वळली. तिने खाली टेकलेल्या जुवाकडे पाहिले. मग बैलांच्या उंच वशिंडांकडे पाहिले. मग पुन्हा जुवाकडे.

"हणमंतबाबा," ती हळूच म्हणाली, "पुन्हा जुंपा."

"का?"

"गाडी आवारात नाक खाली करून उभी असते, म्हणून पाणी पुढे जातं. बैलांच्या मानेवर जू चढलं की तिचं नाक वर होतं आणि सगळं पाणी मागे जातं. पोपट आहे पुढे. मागे पाण्याला वाटच नाही."

हणमंताने ओल्या पागोट्याने तोंड पुसले आणि बैल जुंपले. म्हाळसाने आत हाक दिली, "दादा, सापडलं! या, बाहेर येऊन बघा. वीस पावलांवर आहे."

"गाडी आत आणा. मी आत बघतो."

"आत आणली की दिसत नाही, हेच तर सांगतेय!"

"माझ्या कामाची पारख माझ्या आवारात होते," त्रिंबक म्हणाला. "तीन पिढ्या होत आली आहे. रस्त्यावर नाही." आणि तो रंधा मारायला बसला.

म्हाळसा संतापली, पण गेली नाही. तिने जुंपलेली गाडी तशीच फाटकात उभी केली. विहिरीवरून स्वतः चार घागरी आणून छपरावर ओतल्या आणि चाकाशी बसून राहिली. आता आवारात काही येईना आणि आवारातून काही जाईना. एक नवा पलंग फाटकाच्या आत अडकला, तो न्यायला आलेली वरात फाटकाच्या बाहेर.

सकाळ सरली. गडी पाणी प्यायचे निमित्त करून एकेक करून बाहेर आले, चाकावर चढले आणि तळे पाहून गप्प आत गेले. पलंगवाल्याने पाहिले. हणमंताने तर चौथ्यांदा पाहिले. दुपारपर्यंत त्या आवारात सगळ्यांना सगळे कळले होते. एकट्या त्रिंबकला कळले नव्हते, आणि मिस्त्रीला सांगायची कुणाची छाती होत नव्हती. सगळे मान खाली घालून लाकूड तासत होते. लाकडाला त्याची गरज नव्हती.

जेवण घेऊन त्रिंबकची आई आली. तिने भाकरी पुढे ठेवली आणि म्हणाली, "अरे त्रिंबका, माझी उंची पुरत नाही म्हणून विचारते. तुझ्या त्या छपरावर दोन कावळे आंघोळ करतायत. ते कुठल्या पाण्यात?"

रंधा थांबला.

"बस, जेव आधी," आई म्हणाली. "कावळ्यांना घाई नाही. मस्त पाणी आहे त्यांना."

त्रिंबक उठला. आवारातले सगळे हात थांबले. तो वीस पावले चालला, चाकावर चढला आणि त्याने कठड्यावरून आत पाहिले. कावळे उडाले. त्याने पाण्यात हात घातला. मनगट बुडाले. त्याने बैलांच्या मानेवरच्या जुवाकडे पाहिले. मग म्हणाला, "बैल उंच आहेत."

म्हाळसाने कपाळाला हात लावला. "मग बैलांचे पाय तासून देता का, दादा?"

आधी हणमंता हसला. मग पलंगवाला, मग गडी. त्रिंबकचे कान लाल झाले. पण तो खाली उतरून आत निघून गेला नाही, आणि तेवढ्यामुळे पुढचे सगळे निभावले. त्याने हाताचे पाणी झटकले आणि विचारले, "किती वाया गेलं?"

म्हाळसाने दार उघडले. तीन महिने आपण ठोकत होतो त्या खोलीत तो पहिल्यांदाच गिऱ्हाईक म्हणून वाकून शिरला. तिने एक एक बरणी उघडून त्याच्या नाकाखाली धरली. हिरडा कुजला होता. अडुळशावर हिरवी बुरशी आली होती. सुंठेला तर ओळखताही येत नव्हते. शेवटची बरणी तिने उघडली नाही. नुसती दाखवली. "ही उरली. सातव्या वाडीची. बाकीच्या चार वाड्यांना काय देऊ ते सांगा."

त्रिंबक खाली उतरला. आवारातून तो भोके पाडायचे गिरमिट घेऊन आला.

गाडी जुंपलेलीच ठेवून, बैलांसमोर, रस्त्यावर उभे राहून त्याने मागच्या कठड्याला तीन भोके पाडली. साधी भोके. ना पोपट, ना मोर, ना वेलबुट्टी. तळे भसाभसा रस्त्यावर उतरले. मग त्याने छपराचे सांधे पुन्हा भरले, आणि म्हाळसा बैल हाकू लागली तेव्हा न विचारता आतल्या बाकावर जाऊन बसला.

"तुम्ही कुठे, दादा?"

"पाऊस लागेपर्यंत येतो. मग वर बघतो."

पाऊस चौथ्या वाडीच्या खिंडीत लागला. आत एक थेंब आला नाही. तरी तो परतला नाही. पुढचे बारा दिवस तो म्हाळसाबरोबर रानात गुळवेल तोडत होता, कांड्या कुटत होता आणि तापाने फणफणलेल्या माणसांच्या उशाशी बसून काढा पाजत होता. ताज्या काढ्याने बरेच जण उठले. पण चौथ्या वाडीच्या नावाड्याला औषध उशिरा मिळाले, आणि तो उशिराच उठला. त्या वर्षी त्याच्या हातात वल्हे मारायची ताकद परत आली नाही. त्रिंबक त्याच्या दारासमोरून गेला की मान वर करत नसे. सातव्या वाडीला मात्र भरलेली बरणी पोचली, आणि म्हाळसा तिथली पेज पोटभर प्याली.

त्रिंबकच्या आवारात तो जुना नियम अजूनही आहे. जुंपलेला बैल आत येत नाही. पण त्यात एक भर पडली आहे. नवी गाडी फाटकाबाहेर नेऊन जुंपतात, घागर तिथे ओततात, आणि ती ज्याची गाडी त्याच्या हाताने ओततात.

वैदिणीच्या गाडीवरचा पोपट त्याने काढला नाही. नवे गिऱ्हाईक विचारते, "मिस्त्री, एवढा सुरेख पोपट, आणि चोच कोरडी कशी?"

त्रिंबक सांगतो, "तो फक्त माझ्या आवारात माझ्या मनासारखं बोलायचा. मी तीन वेळा त्याचंच ऐकलं."

तात्पर्य: आपण बनवलेल्या वस्तूची परीक्षा आपल्या सोयीच्या जागी घेऊ नये, ती वापरणाऱ्याच्या वाटेवर जाऊन घ्यावी, आणि तक्रार घेऊन आलेल्या माणसाला खोटे ठरवण्याआधी निदान वीस पावले चालून पाहावे.