मिठाची वाट

वेढा पडला, गडावरचं मीठ संपलं, आणि दिवाणजी कोठाराचा कारभारी सुभानजी याच्यावर उलटले. "मीठ आणणाऱ्या लमाणांच्या लग्नांत हा जेवतो, त्यांच्या बैलांना गडाचा चारा घालतो. हा फितूर आहे!"

"उत्तर दे," किल्लेदार गरजले, "नाहीतर कडेलोट!"

तेवढ्यात पहारेकरी धावत आला. लमाण मिठाच्या गोण्या घेऊन चोरवाटेने वर पोचले होते.

"बघा सरकार! गडाची चोरवाट यानेच त्यांना दाखवली!" दिवाणजी ओरडले.

"वेढ्याआधीच दाखवली," सुभानजी म्हणाला. "शत्रू त्या वाटेसाठी त्यांच्यापुढे मोहरा ओततोय. तरी दिवाणजी, त्या वाटेने वर कोण आलं? शत्रू, की मीठ?"

किल्लेदार स्वतः गोण्या उतरवायला निघाले.