बोळक्या हसूचं जुळं

एक होतं हसू. एवढुसं. बोळकं. नाव त्याचं खुदू.

ते होतं मिहूचं हसू. मिहूला दात नव्हते ना, तेव्हाचं. आईने रेकॉर्ड करून ठेवलेलं. आता मिहूला दात आले. तसं हसू पुन्हा कुठलं यायला!

खुदू राहायचं कॉम्प्युटरच्या गावात. गावाच्या टोकाला एक दार. दारामागे वायरने जोडलेली काळी डिस्क. हेच खुदूचं घर. डिस्क झाली होती म्हातारी. सारखी खोकायची. खर्र... खर्र...

दुपारी सगळे पेंगायचे. मग बॅकअपची गाडी यायची. कुरकुर, कुरकुर. घरोघरी थांबायची. सगळ्यांचं एकेक जुळं करायची. जुळं तिजोरीत निजवायची. एक हरवलं, तरी दुसरं राहतं.

फोटोंचं जुळं झालं. गाण्यांचं जुळं झालं. गाडी खुदूच्या दाराशी आली... आणि मागे वळली!

खुदू रडकुंडीला आलं. डिस्क बंद पडली, तर मी कुठे जाऊ?

निघालं. दुडूदुडू, दुडूदुडू.

"गाडीताई, गाडीताई, माझं जुळं कर!"

"तुझं घर बाहेरून जोडलेलं. परक्या घरी न बोलावता कशी येऊ? दार आवतण देईल, तर येईन."

दुडूदुडू, दुडूदुडू.

"दारोबा, दारोबा, आवतण दे!
गाडी आत येईना,
माझं जुळं होईना!"

"आईचं बोट टिचकी मारेल, तर देईन."

दुडूदुडू, दुडूदुडू. खुदू आलं स्क्रीनबाहेर.

"बोटराव, बोटराव, टिचकी मार!
दार आवतण देईना,
गाडी आत येईना,
माझं जुळं होईना!"

"मी अडकलोय मिहूच्या मुठीत. मूठ सुटेल, तर मारेन."

"मूठमावशी, मूठमावशी, सुट की गं!
बोट टिचकी मारेना,
दार आवतण देईना,
गाडी आत येईना,
माझं जुळं होईना!"

"मिहूची पापणी मिटेल, तर सुटेन."

"पापणीबाई, पापणीबाई, मिट ना गं!
मूठ काही सुटेना,
बोट टिचकी मारेना,
दार आवतण देईना,
गाडी आत येईना,
माझं जुळं होईना!"

पापणी फडफडली. "मिहू रुसलीय. तिला हसू येईल, तर मिटेन."

"हसू? अगं, हसू म्हणजे मीच!"

खुदू टुणकन मिहूच्या ओठांवर बसलं. गुदूगुदू, गुदूगुदू. मिहू हसली. खुदकन!

पापणी मिटली. मूठ सुटली. आई हळूच कॉम्प्युटरकडे वळली. "अगंबाई! डिस्क जोडली, पण बॅकअपला सांगितलंच नाही!"

बोटाने टिचकी मारली. टिच्! दाराने आवतण दिलं. "या, या, आत या!" कुरकुर, कुरकुर, गाडी आत आली. खुदूचं जुळं झालं. तिजोरीत गुडुप निजलं.

मग एके दिवशी डिस्क खोकली. खर्र... आणि बंदच पडली. आई घाबरली. तिजोरी उघडली.

आतून आवाज आला. खुदूखुदू, खुदूखुदू!

मिहू धावत आली. "आई, कुठलं बाळ हसतंय?"

"तूच गं, माझे राणी!"

आणि मिहू हसली. सगळ्या दातांनी!