मान कुठे ठेवायची

“या बाईचा जीव कुणाला तरी जड झालाय. शस्त्रक्रियेच्या यादीतून दुसऱ्यांदा नाव खोडलंय.”

डॉ. अन्वयने फाइल टेबलावर आपटली. सहाव्या खाटेवरची अंबूबाई सोलापूरची, विड्या वळणारी. सांधे जन्मापासूनच ढिले, आणि आता कवटीखालचे दोन मणकेही जागा सोडू लागलेले. काल तिच्या हातून चहाचा कप निसटला. उद्या हातपायच गेले तर?

विभागप्रमुख तांबोळी सर चष्मा पुसत होते.

“मीच खोडलं.”

“सर…”

“सळया आणि स्क्रू टाकून कवटी मणक्यांना जोडलीस, की ती मान पुन्हा हलायची नाही. जन्मभर कुठे बघत ठेवणार आहेस तिला?”

“सरळ. समोर. पुस्तकात तेच आहे.”

सरांनी कपाटातून मानेचा कडक पट्टा काढला आणि त्याच्याच गळ्यात आवळला.

“जा. तिला तपासून ये.”

काय हा पोरखेळ, अन्वय मनात धुमसला. तरी गेला. खाटेशी उभा राहिला, तर समोर नुसती भिंत. कमरेत वाकला तेव्हा कुठे अंबूबाई दिसली. तिच्याही गळ्यात पट्टा. बोटं मात्र मांडीवरच्या चादरीचं टोक विडीसारखं वळत होती. न बघता.

तो जवळजवळ धावतच परतला.

“सर, चुकलो. मान थोडी खाली हवी. मांडीवरच्या सुपातलं विडीचं पान दिसलं नाही तर तिचं हातचं काम जाईल. पण आता उशीर नको.”

“तिला विचारलंस?”

तो पुन्हा गेला. सर मागोमाग.

“अंबूबाई, मान कुठे बघत ठेवू?”

“समोर ठेवा की. तीस वर्षं सुपातच बघितलं. आता नात शाळेतनं येताना दिसू दे.”

अन्वय सरांकडे वळला, अख्ख्या अंगानं. “म्हणजे मी म्हणत होतो तेच.”

सरांनी त्याच्या गळ्यातला पट्टा सोडवला. फाइलवर लिहिलं : उद्या सकाळी, पहिली.

अन्वय फाइल उचलून निघाला, तोच वॉर्डातल्या आया शेवंताबाईंनी खाटेखालचं स्टूल पायाने पुढे सरकवलं.

“बसा, डाक्टर. उद्यापासनं उभ्याउभ्या बोलून भागायचं न्हाई. तिला मान वर करता येणार न्हाई.”