प्रश्नाचा घास

एका टेकडीवर एक विद्यापीठ होतं. नाव मोठं, जीव एवढासा. सगळे आचार्य आणि सगळे विद्यार्थी एकाच पंगतीत जेवायला बसत, तरी पंगत एका पडवीत मावत असे.

पण तिथे कोण काय शोधतंय हे ऐकलं की पाहुणा चक्रावून जाई. एक आचार्य ओढ्यातल्या खेकड्यांची बिळं तपासत. त्यांच्या शेजारच्या खोलीत एक विद्यार्थी घंटेचा नाद कुठवर जातो ते पाहायला दिवसभर घणघण करी, म्हणून खेकडेवाले आचार्य कानात कापूस घालून बसत. चंपावती नावाची विद्यार्थिनी निरनिराळा पाला आणि मुळ्या जाळून कुठल्या धुराने काय होतं ते पाही. तिचे डोळे बाराही महिने लाल. बयाजीबुवा गावोगाव हिंडून बायकांच्या ओव्या गोळा करत. आणि गोजरा माश्यांचा अभ्यास करी.

होय, माश्यांचा. अंगणात गुळाचा खडा ठेवून ती तासन्‌तास बसे. तुम्हाआम्हाला सगळ्या माश्या सारख्याच. गोजराला मात्र हिरवी माशी, ठिपक्यांची माशी, केसाळ माशी अशा सगळ्या लांबूनच ओळखू येत. कुठली माशी कुठल्या फुलावर बसते, कुणाच्या पायांना पराग चिकटतो, हे तिला तोंडपाठ होतं. येणारेजाणारे थट्टा करत, "काय गोजरे, आज किती माश्या मारल्यास?" ती म्हणे, "मारायला कुणालाही जमतं हो. एकदा शेजारी बसून बघा की!"

या विद्यापीठात एक जुना रिवाज होता. पंगतीत आपल्या विषयाच्या माणसाशेजारी बसायचं नाही. आणि पहिला घास तोंडात घालण्याआधी शेजाऱ्याला त्याच्या कामाबद्दल एक प्रश्न विचारायचा. याला सगळे 'प्रश्नाचा घास' म्हणत. कधी कधी उत्तर इतकं लांबे की आमटी निवून जाई आणि स्वयंपाकघरातून भांडी आपटल्याचा आवाज येई. तरी रिवाज कुणी मोडत नसे.

त्या राज्याच्या राजाची एक आमराई होती. राजाच्या आईने ती स्वतः लावलेली. तिथला आंबा असा गोड की चाटूनपुसून कोयसुद्धा पांढरी करावी. पण गेली काही वर्षं तिथे आंबा धरत नव्हता. मोहर यायचा तो झाडं वाकतील इतका, आणि गळून जायचा. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही कैऱ्या लागत नव्हत्या. म्हाताऱ्या राजमाता दर उन्हाळ्यात विचारत, "यंदा तरी माझ्या झाडाचा आंबा खायला मिळेल का रे?" राजाला उत्तर देता येत नसे, म्हणून तो चिडे.

एके दिवशी चिडलेला राजा अमात्यांना घेऊन टेकडीवर आला. घंटा, खेकडे, धूर, ओव्या, सगळं त्याने पाहिलं. गुळाच्या खड्यापाशी बसलेली गोजरा पाहिली आणि त्याचा पारा चढला.

"कुलगुरू, माझ्या राज्यात आंबा धरत नाही, आणि तुमच्याकडे पोरी माश्या बघत बसतात? यंदाचा मोहर सरायच्या आत मला कारण सांगा. नाही सांगता आलं, तर या टेकडीवर मी घोड्यांची पागा बांधेन. घोडे निदान कामाला तरी येतात."

कुलगुरू विश्वंभरपंतांनी हे विद्यापीठ एकेक वीट जमवून उभं केलं होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं, जे होतं ते हेच. राजाचा घोडा टेकडी उतरला तेव्हा पंत पडवीच्या भिंतीवरून हात फिरवत उभे होते. माणूस वाईट नव्हता हो, पण घाबरला होता. आणि घाबरलेला शहाणा माणूस वेड्यापेक्षा मोठ्या चुका करतो.

त्यांनी सगळ्यांना जमवून सांगितलं, "आजपासून बाकी सगळं बंद. आता विषय एकच, आंबा."

झालं! गुळाचा खडा उचलला गेला. ओव्यांची गाठोडी माळ्यावर गेली. मुळांचा विभाग, खोडाचा विभाग, पानांचा विभाग आणि मोहराचा विभाग असे चार भाग पडले. खेकडेवाले आचार्य मुळं उकरू लागले. घंटावाला विद्यार्थी खोडावर ठोकून कान लावू लागला. बयाजीबुवांना काय काम द्यावं हे कुणालाच सुचेना, तेव्हा त्यांना खोडं पुसायला बसवलं. चंपावती मुळांत आणि गोजरा पानांत गेली. मोहराचा विभाग मोठ्या मोठ्या आचार्यांनी आपल्याकडे ठेवला.

पंगतसुद्धा बदलली. मुळांवाले मुळांवाल्यांजवळ, पानांवाले पानांवाल्यांजवळ बसू लागले. प्रश्नाचा घास बंद झाला. पंत म्हणाले, "वेळ नाही. मुकाट्याने जेवा आणि कामाला लागा." जेवणं पटापट उरकू लागली आणि आमटी कधी निवली नाही. स्वयंपाकघर तेवढं खुश होतं.

पानं तपासायला गोजरा पहिल्यांदा आमराईत गेली आणि थबकली. झाडं मोहराने लगडलेली, वास घमघमतोय, पण कुठे गुणगुण म्हणून नाही. आमराईच्या मधोमध पाहुण्यांसाठी एक बैठक बांधलेली होती आणि चारी कोपऱ्यांत मोठमोठ्या धुपाटण्यांतून धूर निघत होता. गोजराने एक फांदी पाहिली, दुसरी पाहिली. मग ती धावत पंतांकडे आली.

"गुरुजी, आमराईत माशी नाही. एकसुद्धा नाही!"

पंतांनी डोकं धरलं. "गोजरे, आपलं घर जळतंय आणि तुला अजून माश्या सुचतायत? तुझा विषय बंद केलाय ना मी? पानं बघ जा, पानं."

गोजराच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, गुरुजींचंच खरं असेल. माशी नाही, हे तिने पाहिलं होतं. पण माशी नसल्याने आंब्याचं काय बिघडतं, हे तिलाही सांगता येत नव्हतं. ती गप्प झाली आणि पानं बघू लागली.

दिवस जात राहिले. मुळं धडधाकट निघाली. खोडात कीड नव्हती. पानांवर रोग नव्हता. मोहराच्या विभागाने मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात मोहर उत्तम आहे एवढंच सिद्ध केलं. कुठे माशी शिंकली ते कुणालाच कळेना. बघता बघता मोहर गळून गेला, काही झाडांवरचा उशिरा आलेला मोहर तेवढा शिल्लक राहिला. राजाकडून पागेसाठी टेकडी मोजायला माणसंही येऊन गेली.

त्या दुपारी पंगतीत कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आता हे ताट किती दिवसांचं, असं प्रत्येकाच्या मनात होतं. गोजरा आपलं ताट घेऊन उठली. पानांवाल्यांच्या रांगेतून निघून ती सरळ बयाजीबुवांशेजारी जाऊन बसली. घास हातात धरून ती तशीच थांबली.

"जेव की गं," बुवा म्हणाले.

"प्रश्नाशिवाय कसं जेवायचं बुवा? आधी तुम्ही विचारा. जाताना तरी आपल्या रिवाजाने जाऊ."

बुवांनीही घास हातातच धरला. ते म्हणाले, "बरं, विचारतो. आमराईत तुला काय दिसलं?"

"काही दिसलं नाही, हेच दिसलं. मोहर एवढा, पण माशी नाही."

बुवांच्या हातातला घास ताटात पडला. त्यांनी डोळे मिटले आणि गावोगावच्या आमरायांतल्या बायकांकडून ऐकलेली ओवी म्हटली,

"आंबा मोहरला, माशी आली गं पाहुणी,
नको हाकलू तिला, जाईल कैरी घेऊनी."

"मला वाटलं होतं, ओळ भरायला घातली असेल माशी," बुवा पुटपुटले.

गोजरा ताडकन उठली. "बुवा, मोहराचे पराग माश्याच नेतात! बांधावरच्या रानआंब्यावर मी बघितलंय. केसाळ माशीचे पाय पिवळे होतात. मधमाशी तिकडे फारशी फिरकतच नाही. या फुलाचे पराग त्या फुलाला लागलेच नाहीत, तर कैरी धरणार कशी?"

"पण मग माश्या गेल्या कुठे?" खोडांच्या रांगेतून घंटावाल्याने विचारलं. त्याच्याही हातात घास तसाच होता.

मुळांच्या रांगेतून चंपावती ओरडली, "तिथे कडुनिंब आणि वेखंड जळतंय! मला वासावरूनच कळलं होतं. त्या धुरात माशी थांबेल होय? मला कुणी विचारलंच नाही!"

मग काय, रांगा मोडल्या. ताटं घेऊन जो तो दुसऱ्या विषयाच्या माणसाकडे जाऊन बसला. कुणीतरी आठवण काढली की काही वर्षांपूर्वी आमराईतल्या बैठकीत जेवताना परराज्याच्या वकिलाच्या खिरीत माशी पडली होती. तेव्हा राजा शरमेने लाल झाला होता आणि त्याने आमराईतून माशी नाहीशी करण्याचा हुकूम दिला होता. उकिरडा उचलला, गोठा हलवला, धूप पेटवला. आंबा धरेनासा झाला तो तेव्हापासूनच.

आमटी केव्हाच गार झाली होती. विश्वंभरपंत पंगतीच्या टोकाला उभे होते. हे सगळं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी जवळ येऊन गोजराच्या डोक्यावर हात ठेवला. मग पागोटं घातलं आणि एकटेच राजवाड्याची वाट चालू लागले.

दरबारात पंतांनी काही लपवलं नाही. धूर, माशी, कैरी, सगळं सांगितलं. अमात्यांचा चेहरा कठोर झाला.

"म्हणजे महाराजांच्या हुकुमाने आंबा गेला, असं म्हणता?"

पंतांना सहज म्हणता आलं असतं की माळ्याची चूक असेल, वाऱ्याची असेल. टेकडी वाचली असती, मानही वाचला असता. पण पंत म्हणाले,

"होय. आंबा महाराजांच्या हुकुमाने गेला, आणि त्याचं उत्तर माझ्या हुकुमाने गेलं. माश्या बघणाऱ्या त्या पोरीने मला केव्हाच सांगितलं होतं, मी तिला गप्प केलं. महाराज, आपण दोघांनी एकच चूक केली. जे उपयोगाचं दिसलं नाही, ते हाकलून दिलं. आता पागा बांधा, नाहीतर मला हाकला. पण आधी तो धूर विझवून बघा."

राजाला तो वकील आठवला, ती खीर आठवली, आणि आंब्याची वाट पाहणारी आई आठवली. तो म्हणाला, "विझवा."

धुपाटणी उलथी झाली. गोठा परत आला, उकिरडा परत आला. वास आला तो आलाच, नाक मुरडणाऱ्यांनी मुरडलं. हळूहळू एक हिरवी माशी आली, मग ठिपक्यांची, मग केसाळ. उशिराच्या मोहरावर गुणगुण सुरू झाली. गोजरा झाडाखाली बसून राहिली. आणि एका सकाळी तिला मोहराच्या देठावर मोहरीएवढ्या हिरव्या कैऱ्या दिसल्या. तिने आनंदाने अशी किंकाळी फोडली की गोठ्यातली गाय दावं तोडून पळाली.

त्या वर्षी आंबे थोडेच झाले. पहिला राजमातेने खाल्ला आणि कोय कुणाला दिली नाही. पुढच्या वर्षी मात्र फांद्यांना टेकू लावावे लागले, आणि भरलेल्या गाड्या टेकडीवर विद्यापीठाकडे गेल्या. पागेचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. खेकडेवाले आचार्य ओढ्यावर परतले. घंटा पुन्हा वाजू लागली आणि कापूस पुन्हा त्यांच्या कानात गेला.

गाड्यांबरोबर राजाही आला होता. तो पंगतीला बसला, तो नेमका गोजराशेजारी. वाढून झालं. राजाने आमरसात पुरी बुडवली, इतक्यात गोजरा हळूच म्हणाली, "महाराज, आधी प्रश्न."

अमात्यांनी डोळे वटारले. राजाने मात्र हातातली पुरी खाली ठेवली. बराच विचार केला. इतक्यात त्याच्या वाटीच्या काठावर एक माशी येऊन बसली आणि पुढचे पाय एकमेकांवर चोळू लागली. राजाचा हात तिला उडवायला उठला आणि मधेच थांबला.

"गोजरा, ही माशी सारखे हात का गं चोळते?"

गोजराचा चेहरा उजळला. "अजून नक्की कळलेलं नाही महाराज. शोधतेय."

"शोध," राजा म्हणाला. "कितीही दिवस लागू देत."

आणि मग त्याने घास घेतला.

तात्पर्य: ज्या ज्ञानाचा उपयोग आज दिसत नाही, त्याला दारातून हाकलू नये, आणि शेजाऱ्याचं काम मनापासून विचारत राहावं, कारण आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर अनेकदा त्याच्याच ताटात असतं.