खंडेनवमीची रजा

एकदा एका भांडारपालाने निवृत्तीनंतर सुतारकाम करायचे मनावर घेतले. त्यांचे नाव अरविंदराव फडतरे. साताऱ्याजवळच्या एका कारखान्याचे भांडार त्यांनी उभे आयुष्य सांभाळले होते. कोणता नट कोणत्या कप्प्यात आहे हे ते झोपेतही सांगू शकत, आणि त्यांच्या ताब्यातली एखादी वस्तू हरवल्याचे कोणालाच आठवत नव्हते. असा मनुष्य घरी बसला की घरच्यांचे काही खरे नसते. निवृत्तीनंतर आठवडाभरातच त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. तेव्हा पत्नी उज्ज्वलाबाईंनी हात जोडले आणि त्यांना गॅरेजचा रस्ता दाखवला.

गॅरेजला निमित्तही तसेच गोड होते. मुलगी ऋतुजा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येणार होती. ही बातमी आली त्या दिवशी, तोंडातला पेढा संपायच्या आत, अरविंदराव बोलून बसले होते, "पाळणा विकत आणायचा नाही! माझ्या नातवंडाचा पाळणा मी माझ्या हातानं करणार." ऋतुजा फोनवर आनंदाने ओरडली. तिने ते सासरी सांगितले, सासरच्यांनी चार घरी सांगितले, आणि माघारीची वाट बंद झाली. शाळेत हस्तव्यवसायाच्या तासाला नलवडे सरांनी रंधा धरायला शिकवला होता. त्यानंतर अरविंदरावांच्या हाताला लाकूड लागलेच नव्हते.

त्यांनी गाडी बाहेर काढून अंगणातल्या कडुनिंबाखाली लावली. भिंतींना पांढरा रंग दिला, नवे दिवे लावले, खिडकीशी भक्कम बाक बसवून घेतले. एका भिंतीवर मोठा प्लायवूडचा फळा ठोकला आणि त्यावर करवती, रंधे, पटाशा, हातोडे, काटकोन तपासायचा गुण्या अशी सगळी हत्यारे उंचीच्या क्रमाने टांगली. प्रत्येक हत्याराभोवती काळ्या रंगाने त्याची आकृती काढली, म्हणजे एखादे जागेवर नसले तर लगेच कळावे. खिळे आणि स्क्रू लांबीनुसार बरण्यांत गेले. सागवानी फळ्या कोपऱ्यात जाडीनुसार उभ्या राहिल्या. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

बघायला माणसे येऊ लागली. शेजारचे आले, भजनी मंडळातल्या बायका आल्या, कारखान्यातले जुने सहकारी तर दोनदा आले. "वा! दवाखान्यातसुद्धा एवढी टापटीप नसते," असे म्हणून चहा पिऊन गेले. अरविंदराव मोहरून जात. कोणी पाळण्याचे विचारलेच तर म्हणत, "आधी सगळं नीट लागू दे, मग काय, पाळणा हातासरशी होईल."

पण सगळे नीट लागतच नव्हते. आज बरण्यांची झाकणे बदलायची असत, उद्या दिव्याची जागा. श्रावण गेला, गणपती बसले आणि उठले, ऋतुजा भरल्या पोटाने माहेरी आली, तरी सागवानी फळीला करवत लागली नव्हती. खरे कारण अरविंदरावांना ठाऊक होते आणि ते त्यांनी कोणालाही सांगितले नव्हते. त्यांना भीती वाटत होती. एवढे चांगले लाकूड आपल्या हातून फुकट गेले तर? पाळणा डुगडुगला तर? रोज सकाळी ते पेन्सिल कानावर ठेवून फळीसमोर उभे राहत, आणि थोड्या वेळाने पुन्हा बरण्यांकडे वळत. दरम्यान उज्ज्वलाबाईंनी नणंदेकडचा जुना पाळणा गुपचूप सांगून ठेवला होता. ते अरविंदरावांना कळले, आणि त्या दिवशी त्यांनी सगळ्या बरण्या पुन्हा एकदा पुसून काढल्या.

नवरात्र आले. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची, हे तर ठरलेलेच. अरविंदरावांनी त्या पूजेचा मान नलवडे सरांना दिला. सर आता फार थकले होते, पण नजर तीच होती, आणि विद्यार्थ्याला आडनावानेच पुकारण्याची सवयही तीच.

"काय रे फडतऱ्या, गॅरेज म्हणालास आणि देवघर दाखवतोयस!" दारातूनच ते म्हणाले.

अरविंदराव खूश झाले. त्यांना ती स्तुती वाटली.

उज्ज्वलाबाईंनी हळदकुंकवाचे आणि झेंडूच्या फुलांचे तबक पुढे केले. शेजारची मंडळी हात जोडून उभी होती. सरांनी पहिली करवत खुंटीवरून उतरवली, तिची मूठ नाकाशी नेऊन हुंगली, दात अंगठ्याने चाचपले, आणि तिला कुंकू न लावताच जागेवर टांगले. मग रंधा उतरवला. तोही हुंगला, उलटा करून पाहिला आणि परत ठेवला. एकामागून एक सगळी हत्यारे त्यांनी अशीच हाताळली. तबकातले एक फूलसुद्धा हलले नाही. मंडळी एकमेकांकडे पाहू लागली.

"सूनबाई, तुमच्या घरात नारळ कशानं फोडता?" सरांनी अचानक विचारले.

"एक जुनी हातोडी आहे, सर. पण ती अगदीच... दांड्याला तार गुंडाळलीय."

"आणा बरं."

हातोडी आली. दांडा हाताळून हाताळून काळा पडला होता, डोक्याला नारळाची शेंडी चिकटली होती. सरांनी ती बाकावर मधोमध ठेवली, हळदकुंकू वाहिले, फूल वाहिले, आणि वाकून नमस्कार केला. भिंतीकडे वळूनही न पाहता त्यांनी प्रसाद मागितला.

पेढे खाऊन मंडळी पांगली. अरविंदराव मात्र दुखावले होते. इतक्या लोकांसमोर, इतक्या महिन्यांच्या कष्टांवर पाणी! शेवटी त्यांना राहवले नाही.

"सर, माझं काय चुकलं? ह्या हत्यारांवर धुळीचा कण नाही. त्यांना कुंकू नाही, आणि त्या मोडक्या हातोडीला तेवढं फूल?"

सर बाकाला टेकले. त्यांचा स्वर एकदम मऊ झाला.

"अरे, खंडेनवमीला हत्यारांना आपण रजा देतो. वर्षभर राबली, आपलं पोट भरलं, आज त्यांनी बसावं आणि आपण हात जोडावे. ती हातोडी वर्षभर राबली, म्हणून आज तिला बसायचा हक्क आहे. तुझ्या भिंतीवरची मंडळी आली त्या दिवसापासून रजेवरच आहेत. मुठींना अजून दुकानाच्या तेलाचा वास येतोय. त्यांना आणखी कसली रजा देऊ?"

अरविंदरावांनी एक पटाशी उतरवून तिची मूठ हुंगली.

"तू भांडार उत्तम सांभाळलंस," सर पुढे म्हणाले. "तिथे वस्तू जागेवर असली की काम झालं. इथे उलटं आहे, बाबा. हत्यार हातात असेल तेव्हाच ते जागेवर असतं. आणि लाकूड बिघडेल म्हणून घाबरतोस ना? बिघडेलच. माझं अजून बिघडतं. बिघडलेल्या तुकड्याचं दुसरं काहीतरी होतं. न कापलेल्या फळीचं काहीच होत नाही."

भीतीचे नाव सरांना कोणी सांगितले होते? कोणी नाही. पण वर्गात शेवटच्या बाकावर कोण कोरी वही घेऊन बसलाय, हे ज्यांना पाठमोरे असतानाही कळत असे, त्यांना एवढे कळणारच. अरविंदरावांचे डोळे भरून आले, आणि गंमत म्हणजे त्याच वेळी त्यांना हसूही आले.

"मग काय करू, सर?"

"उद्या दसरा. मुहूर्त विचारायचा नाही. भिंतीवरचं सगळं उतरवून सतरंजीवर ढीग घाल आणि पाळण्याला हात घाल. लागेल ते ढिगातून उचलायचं. काम झालं की हात सहज जाईल तिथे अडकवायचं. तुझी भिंत आपोआप लागेल, आणि ती तुझी असेल."

दसऱ्याला सकाळी आपट्याची पाने वाटून झाली आणि अरविंदरावांनी भिंत रिकामी केली. उभ्या आयुष्यात त्यांनी असा पसारा केला नव्हता. मग त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि सगळ्यात चांगली फळी बाकावर घेतली. करवतीचा पहिला घास लाकडात गेला आणि सागाचा वास गॅरेजभर पसरला. फळी अर्थातच बोटभर आखूड कापली गेली.

"बिघडली!" ते आतल्या दाराकडे तोंड करून ओरडले, आणि त्या ओरडण्यात इतका आनंद होता की ऋतुजा पोट सावरत बघायला आली.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. घरात भुसा, केसांत भुसा, आमटीतसुद्धा भुसा. उज्ज्वलाबाई नाक मुरडत, पण चहाचा कप घेऊन गॅरेजमध्येच बसू लागल्या, आणि एक दिवस काचपेपर हातात घेऊन पाळण्याची कड घासताना सापडल्या. "तुम्हाला जमेना म्हणून," असे त्या म्हणाल्या. नणंदेला फोन करून जुन्या पाळण्याची गरज नसल्याचे त्यांनी त्याच संध्याकाळी कळवले. आखूड फळीचा पाळण्याचा तळ झाला. उरलेल्या तुकड्यातून दोन मोर निघाले. एकाची मान जरा जाडच झाली.

आणि भिंत? गुण्या बाकाच्या उजव्या हाताला गेला, कारण तो घडोघडी लागे. करवत रंध्याच्या काळ्या आकृतीवर लटकू लागली. रंधा तर भिंतीवर चढलाच नाही, बाकावरच राहिला. काही देखणी हत्यारे ढिगात तशीच पडून होती. ती अरविंदरावांनी खुशाल एका पेटीत भरून ठेवली. आता कोणी बघायला आले तर त्यांना बसायला जागा नव्हती, आणि अरविंदरावांना बोलायला वेळ नव्हता.

बाळाने मात्र घाई केली. कोजागिरी होते न होते तोच ऋतुजाला मुलगी झाली, आणि बारसे एकदम दाराशी येऊन ठेपले. पॉलिशचा दुसरा हात राहिला तो राहिलाच. बारशाच्या आदल्या दिवशी अरविंदरावांनी शेवटची खुंटी ठोकली, आणि पाळणा हॉलमध्ये आणून कड्यांना अडकवला.

दुसऱ्या दिवशी घर बायकांनी भरून गेले. आपल्याकडे बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवतात. फडतऱ्यांचा वरवंटा जुन्या काळातला, चांगला वजनदार दगड. त्याला कुंची घालून आत ठेवले आणि उज्ज्वलाबाईंनी झोका दिला. अरविंदरावांनी दाराची चौकट घट्ट धरली. पाळणा उजवीकडे गेला, डावीकडे आला, पुन्हा गेला. ना डुगडुग, ना करकर. अरविंदरावांचा जीव भांड्यात पडला. मग वरवंटा काढून बाळाला निजवले, आत्याने कानात नाव सांगितले, "मुक्ता", आणि पाठीवर धपाटे खाताखाता ती हसत सुटली.

मग सगळे घर पाळण्याभोवती जमले. कोणी म्हणाले नाक आईचे, कोणी म्हणाले कपाळ आजीचे. कोणी कुंचीची झालर चाचपली. पाळण्याच्या जोडांकडे, पॉलिशकडे, जाड मानेच्या मोराकडे एकानेही पाहिले नाही. मुक्ताने एक जांभई दिली आणि ती त्या गोंगाटात गाढ झोपी गेली.

नलवडे सर कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. अरविंदराव त्यांच्यापाशी गेले आणि जमिनीवरच बसले.

"सर, कोणी पाळण्याकडे बघतसुद्धा नाहीये," ते हळूच म्हणाले, आणि त्यांचा चेहरा आनंदाने नुसता फुलून आला होता.